पियानो उठून गेल्यावर

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडला सॅक्सोफोन काही परका नाही. लग्नसराईत परण्या मारुतीच्या देवळाकडे निघाला की बँडपार्टीत क्लॅरिनेटशेजारी एखादा वाकड्या मानेचा, पितळी सॅक्सोफोन हमखास दिसायचा. आता डीजेने त्याला मागे रेटलं आहे, पण चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, तो आवाज त्याच्या कानात असतो. बँडमास्तर वरची चाल वाजवतो आणि मागच्या रांगेतला एक जण पोटाशी धरलेल्या मोठ्या भोंग्यातून खालचे मोजके स्वर काढत राहतो. वऱ्हाडी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. तो थांबला तर मात्र नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. जॅझमध्ये सॅक्सोफोन आणि बास या दोघांचंच वादन ही जी वेगळी कला तयार झाली, तिचं मूळ या दोन माणसांच्या कामाच्या वाटणीत आहे. ती कला जगात कशी घडली आणि तिच्या उंबरठ्यापर्यंत येऊनही मुंबई बाहेरच का राहिली, याची ही हकीकत आहे.

सुरुवात लष्करी बँडपासून होते. अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये आपल्या वाद्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं, पण फुंकायला क्लॅरिनेटसारखी रीड. त्यामुळे आवाज बिगुलासारखा दणदणीत आणि तरी माणसाच्या गळ्यासारखा वळणारा. मोकळ्या मैदानावर पितळी वाद्यं आणि लाकडी वाद्यं यांच्यातली दरी भरून काढायला ते उपयोगी पडलं. लष्करी बँड जिथे गेले तिथे सॅक्सोफोन गेला. आपल्याकडेही इंग्रज पलटणींच्या बँडचा वारसा मेरठच्या जली कोठीतल्या कारखान्यांनी उचलला आणि तिथली वाद्यं देशभरच्या वरातींत वाजू लागली. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीयांचे बँड मिरवणुकीत आणि अंत्ययात्रेतही वाजवत. त्यांच्यातही खालचे स्वर ट्यूबा नावाच्या भोंग्यातूनच यायचे, कारण चालता चालता दुसरं काही वाजवणं शक्यच नव्हतं.

हे संगीत रस्त्यावरून नाचघरात गेलं तेव्हा भोंग्याची जागा उभ्या बासने घेतली. माणसाहून उंच, व्हायोलिनच्या घराण्यातलं हे चार तारांचं वाद्य जॅझवाले गजाऐवजी बोटांनी छेडू लागले. भोंगेवाल्याला श्वास घ्यायला थांबावं लागायचं. बासवाला तासन्‌तास एका मात्रेला एक स्वर देत चालत राहू शकत होता. या चालीला जॅझवाले ‘वॉकिंग बास’ म्हणतात. १९२५ नंतर ध्वनिमुद्रणात विजेचा मायक्रोफोन आला आणि हे खालचे स्वर तबकडीवरही ऐकू येऊ लागले.

इथे थोडं तंत्रात शिरावं लागेल. सॅक्सोफोनमधून एका वेळी एकच स्वर निघतो आणि बासही बहुतेक वेळा एकच स्वर वाजवतो. पाश्चात्त्य संगीताला लागणारा स्वरांचा गुच्छ, म्हणजे कॉर्ड, देण्याचं काम पियानोचं किंवा गिटारचं. ते दोघं नसतील तर? बासने सा धरला आणि सॅक्सोफोनने वर शुद्ध गंधार लावला, तर कान न वाजवलेला पंचम स्वतःच भरून घेतो आणि सगळं उजळ वाटतं. त्याच सा वर कोमल गंधार लागला की क्षणात रंग बदलतो. दोनच स्वर, पण त्यांच्यातली रिकामी जागा श्रोता भरतो. आपल्या कानाला यात तंबोऱ्याचा भास होईल, पण तो फसवा आहे. तंबोऱ्याचा षड्ज जागचा हलत नाही. इथे सा च चालायला लागतो, आणि तो चालला की वर ठाण मांडून बसलेल्या त्याच स्वराचा अर्थ दर मात्रेला पालटतो. म्हणजे खालचा माणूस वरच्याचा अर्थ ठरवतो. पियानो असताना हा अधिकार त्याच्या हाती पूर्णपणे येत नाही.

मुंबईत जॅझ आला तो मात्र पियानोसकट, आणि सुटाबुटात. १९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी या व्हायोलिनवादकाचा कृष्णवर्णीय अमेरिकन ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यामागोमाग क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवादक आणि टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आले. स्वतःच्या देशात वर्णभेदाने गांजलेल्या या मंडळींना ताजच्या नाचघरात साहेब, संस्थानिक आणि पारशी शेठ यांच्यापुढे मानाने वाजवता येत होतं. त्याच हॉटेलबाहेर एक वसाहत स्वातंत्र्यासाठी झगडत होती. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या २०१२ च्या पुस्तकात हा सगळा काळ कागदपत्रं, छायाचित्रं आणि म्हाताऱ्या वादकांच्या आठवणी गोळा करून मांडला आहे. या विषयात त्या पुस्तकाला वळसा घालून कुणाला जाता येणार नाही.

अमेरिकनांचं वादन ऐकून ते उचलणारे कान मुंबईत तयार होते, आणि ते बहुतेक गोवेकरांचे होते. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या गावोगाव चर्चला जोडलेल्या शाळा असत. तिथे पोरांना प्रार्थनेबरोबर स्टाफ नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. गावात पोट भरत नसे म्हणून ही मुलं मुंबईला यायची, गावाच्या ‘कुडा’त म्हणजे क्लबाच्या खोलीत पथारी टाकायची आणि काम शोधायची. कागद समोर ठेवला की वाजवू शकणारा माणूस मुंबईत दुसरा क्वचितच मिळे. अल्दोनाचा ट्रम्पेटवादक आंतोनियो झेव्हियर वाझ ‘चिक चॉकलेट’ झाला आणि हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून गाजला. सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवणारे मिकी कोरिया १९३९ पासून १९६१ पर्यंत ताजच्या ताफ्याचे म्होरके होते. रुडी कॉटन हा नावाजलेला सॅक्सोफोनवादक मूळचा पारशी, कावसजी खटाव. असा हा मेळा होता.

पण या मेळ्याचं काम काय होतं? लोकांना नाचवणं. नाचणाऱ्या जोडप्याला रिकामी जागा नको असते, त्याला भरगच्च आवाज हवा असतो. चार सॅक्सोफोन एका रांगेत, ट्रम्पेट, पियानो, ड्रम, आणि कोपऱ्यात बास. बासवाल्याने ताल सांभाळायचा आणि तोंड मिटून उभं राहायचं. मुरुडच्या वरातीतल्या भोंगेवाल्यासारखीच त्याची गत. फक्त अंगात कोट.

तिकडे न्यूयॉर्कमध्ये या कोपऱ्यातल्या माणसाला तोंड फुटत होतं. ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्यात १९३९ साली आलेल्या जिमी ब्लँटन या पोराने बासवर चक्क धून वाजवली. क्षयाने तो १९४२ साली, तेविसाव्या वर्षीच गेला. पण तेवढ्यात बासवाद्याचं रूप बदलून गेला. मग ९ जून १९४५ ची टाउन हॉलमधली मैफल. टिमे रोझेनक्रांट्स या डॅनिश जॅझवेड्याने ती भरवली होती. सांगतात असं की वेळ झाली तरी सगळे वादक पोचले नव्हते, म्हणून टेनर सॅक्सोफोनवाला डॉन बायस आणि बासवाला स्लॅम स्टुअर्ट हे दोघेच मंचावर गेले. ते कारण खरं असो वा मागाहून रचलेलं, ध्वनिमुद्रण मात्र हाती आहे. गर्शविनची ‘आय गॉट रिदम’ ही धून बायस भरधाव पळवतो आणि स्टुअर्ट खालून एकही मात्रा न चुकवता चालतो. मग स्टुअर्टची पाळी येते. तो गज उचलतो आणि बासवर जे वाजवतो तेच एक सप्तक वर स्वतःच्या नाकातल्या आवाजात गुणगुणतो. ड्रम नाही, पियानो नाही, आणि सभागृह खूश होऊन हसतं आहे. सॅक्सोफोन-बासच्या जोडवादनाचा इतिहास सांगताना जाणकार बहुधा इथूनच सुरुवात करतात. दोघांना एकमेकांवाचून तिसरं कुणी लागत नाही, हे त्या रात्री सिद्ध झालं. बायस पुढच्याच वर्षी युरोपला गेला आणि तिथलाच झाला.

मुंबईत याच सुमाराला उलटा प्रवाह सुरू झाला. १९४७ मध्ये साहेब गेला, संस्थानं विलीन झाली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांच्या रात्री कोरड्या पडल्या. चर्चगेट परिसरातल्या काही उपाहारगृहांत पुढची पंधरा-वीस वर्षं जॅझ तग धरून राहिला, पण घर चालवायचं तर दादर, महालक्ष्मी, ताडदेवच्या फिल्म स्टुडिओंत जावं लागे. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, भगवानदादांच्या ‘अलबेला’साठी (१९५१) चिक चॉकलेट आणि त्याच्या साथीदारांना हाताशी धरलं, चिकचा ताफा त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोवेकर अरेंजर संगीतकाराच्या चालीला वाद्यवृंदाचे कपडे चढवू लागले. ज्या गावांत ताजचं नावही कुणी घेत नव्हतं तिथे जॅझचा सॅक्सोफोन रेडिओवरून असा पोचला.

त्यात १९५८ साली कोलकात्याहून मनोहारी सिंग आले. ‘काश्मीर की कली’तलं (१९६४) शम्मी कपूरचं झिंगलेलं, रफींनी गायलेलं गाणं आठवा; कडव्यांच्या मध्ये जो आल्टो सॅक्सोफोन लटपटतो तो त्यांचा. पुढे ते राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्याचा कणा झाले. हिंदी सिनेमाने सॅक्सोफोनला घराघरांत नेलं, यात वाद नाही. मात्र बदल्यात काय घेतलं तेही बघायला हवं. सॅक्सोफोनच्या वाट्याला आठ-दहा सेकंदांचा तुकडा आला, तोही आधी लिहिलेला. मद्यालय, पाऊस किंवा प्रेमभंग दाखवायचा असला की त्याला बोलवायचं. उत्स्फूर्त वादनाला, जे जॅझचा प्राण, तिथे वावच नव्हता. आणि बासचं तर नावही कुणी घेत नव्हतं. राहुलदेव बर्मन यांच्याकडे बास गिटार वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचं नाव आज रसिक आवर्जून घेतात. पण तबकडीच्या लेबलवर ना मनोहारी होते, ना टोनी.

तिकडे अमेरिकेत १९५७ मध्ये सनी रॉलिन्सने पियानोला रजा दिली. हार्लेममध्ये वाढलेला हा टेनर सॅक्सोफोनवादक तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता. पियानोवाला गुच्छ टाकत राहिला की वादकाने कुठल्या वाटेने जायचं हे अर्धं ठरून जातं. रॉलिन्सला ती वाट स्वतः पाडायची होती. ७ मार्चला लॉस एंजेलिसमध्ये रे ब्राउन (बास) आणि शेली मॅन (ड्रम) यांच्याबरोबर त्याने ‘वे आउट वेस्ट’ ध्वनिमुद्रित केलं. तिघांच्या रिकाम्या वेळा जुळेनात, म्हणून काम सुरू झालं पहाटे तीनला. नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात तेच, आणखी धारदार. तिथला बासवादक विल्बर वेअर नुसता चालत नाही. तो मध्येच थांबतो, एखादा स्वर दोनदा ठोकतो, रॉलिन्सचं वाक्य तोडतो. आणि रॉलिन्स त्या तुटलेल्या जागेवरून नवं वाक्य सुरू करतो. ड्रम होते हे खरं, पण स्वरांचा सगळा व्यवहार दोघांतच चाललेला. पुढच्या जोडवादनांची जमीन इथे नांगरली गेली.

या वर्षांत अमेरिकन सरकारने जॅझला राजदूत केलं. पियानोवादक डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये मुंबईत आला आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वाजवायला बसला. १९६३ मध्ये एलिंग्टन, १९६४ मध्ये आर्मस्ट्राँग. मुंबईकरांनी गर्दी केली. पाहुणे गेले की स्थानिक वादक पुन्हा दुसऱ्या दिवशीच्या रेकॉर्डिंगला.

रॉलिन्स मात्र वेगळ्याच कारणाने आला. नाव, पैसा असताना मैफली सोडून गायब होण्याची त्याची जुनी खोड. १९५९ ते १९६१ या काळात तो न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन एकटाच तासन्‌तास रियाज करायचा. साठच्या दशकाच्या अखेरीस तो मुंबईत उतरला आणि पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहिला. वेदान्त आणि योग शिकायचा होता. सॅक्सोफोन बरोबर होताच. पुढे मुलाखतींत त्याने सांगितलं आहे की डोळे मिटून ध्यानाला बसणं त्याला जमेना, तेव्हा स्वामीजींनी समजावलं की वाद्य वाजवताना तू एकाग्र होतोसच, तेच तुझं ध्यान. जगातला अव्वल टेनर सॅक्सोफोनवादक पवईच्या तलावाकाठी मुक्कामाला होता आणि तिथून तासाभराच्या अंतरावर चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत गोवेकर मंडळी वाजवत होती. या योगायोगाचं मला कायम नवल वाटत आलं आहे.

फक्त सॅक्सोफोन आणि बास, तिसरं कुणीच नाही, अशा तबकड्यांचा खरा हंगाम सत्तरच्या दशकातला. त्याची कारणं अगदी व्यावहारिक आहेत. बासवर आतड्याच्या तारांऐवजी पोलादी तारा आल्या आणि वाद्याच्या घोडीशी (ब्रिजशी) बसवलेला पिकअप आला, त्यामुळे बासचा बारीक कणही सॅक्सोफोनपुढे झाकला जाईना. रॉक संगीताने जॅझचा बाजार खाल्ला होता. मोठा ताफा पोसणं परवडत नव्हतं. न्यूयॉर्कच्या रिकाम्या गोदामांत वादकच मैफली भरवू लागले, आणि तिथे बसून कान देणारे श्रोते होते. अशीच एक जागा, ‘स्टुडिओ रिव्बी’, चालवणारा सॅक्सोफोनवादक सॅम रिव्हर्स आणि इंग्लंडहून आलेला बासवादक डेव्ह हॉलंड यांनी १९७६ मध्ये जोडवादन ध्वनिमुद्रित केलं. तबकडीच्या एकेका बाजूला एकच सलग वादन, आधी काही ठरवलेलं नाही. १९७७ मध्ये ऑर्नेट कोलमन आणि चार्ली हेडन यांचं ‘सोपसड्स, सोपसड्स’ ध्वनिमुद्रित झालं. नेहमी आल्टो वाजवणारा कोलमन त्यात टेनर धरतो, आणि हेडन खाली इतका कमी वाजवतो की त्याच्या प्रत्येक स्वराचं वजन कळतं. १९८० मध्ये सॅक्सोफोनवादक आर्ची शेप आणि डेन्मार्कचा बासवादक नील्स-हेनिंग ओर्स्टेड पेडरसन यांनी चार्ली पार्करच्या धुना अशाच दोघांत वाजवल्या. शेपचा स्वर खरखरीत, मुद्दाम फाटका. पेडरसनचा इतका सफाईदार की संशय यावा.

मुंबईला असा बसून ऐकणारा श्रोतृवर्ग मिळाला तो १९७८ मध्ये. निरंजन झवेरी पन्नासच्या दशकात ‘ब्लू रिदम’ हे जॅझचं मासिक काढणारे गृहस्थ. त्यांच्या खटपटीने धोबीतलावच्या रंगभवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. उघडं आकाश, समोर खुर्च्या. ना नाच ना जेवणाची ताटं. देशोदेशींच्या कलावंतांत सनी रॉलिन्सही होता, या वेळी वाजवायला आलेला. यात्रा दर दोन वर्षांनी भरू लागली. १९८० मध्ये कर्नाटकचे कद्री गोपालनाथ तिथे सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवत होते. ते ऐकून अमेरिकेचा सॅक्सोफोनवादक जॉन हँडी स्वतः होऊन त्यांच्यासोबत मंचावर वाजवायला उभा राहिला, आणि गोपालनाथांचं नाव देशाबाहेर गेलं. गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस, चिक चॉकलेटचे जावई, सॅक्सोफोनवर रागांचे स्वर जॅझच्या अंगाने मांडत होते. पियानोवादक लुई बँक्स यांच्यासोबत त्यांनी हे मिश्रण यात्रेच्या निमित्ताने परदेशातही नेलं.

पण बारकाईने बघितलं तर या भारतीय जॅझचा ओढा पुन्हा भरण्याकडेच होता. पियानो, सिंथेसायझर, मृदंगम, गायिका, सॅक्सोफोन. बासवादक होते, कार्ल पीटर्ससारखे पट्टीचे होते, पण त्यांच्या हातात आता बास गिटार होती. ते समजण्यासारखं आहे. उभा बास घेऊन गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढणाऱ्याची कल्पना करा. बास गिटार खांद्याला लागते, स्टुडिओत तारेने जोडली की काम सुरू. रॉलिन्सचा वर्षानुवर्षांचा बासवादक साथीदार बॉब क्रॅनशॉसुद्धा पाठीच्या दुखण्यापायी तिच्याकडेच वळला होता. तरी फरक पडतोच. लाकडी बासचा स्वर उमटतो आणि लगेच ओसरू लागतो. त्या ओसरण्यातच सॅक्सोफोनला शिरायला जागा मिळते.

मुंबईच्या वादकांत कुवत कमी होती असं मला वाटत नाही. नाचघर आणि सिनेमा हे त्यांचे दोन्ही अन्नदाते भरगच्च आवाजाचे गिऱ्हाईक निघाले, आणि पियानो काढून टाकण्याची चैन पदरच्या पैशाने करण्याइतकी उसंत त्यांना कधी मिळाली नाही. ऐकणारे मिळाले तेव्हा ताजच्या पिढीचे बरेच जण गेले होते. चिक तर १९६७ मध्येच वारला. रंगभवनातले कार्यक्रमही पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांपायी बंद पडले. तिकडे मुरुडसारख्या गावांत बँडपार्ट्यांनी सॅक्सोफोन जिवंत ठेवला, पण तोही सिनेमाच्या चालींवर.

ज्यांना हे प्रकरण कानांनी तपासायचं आहे त्यांनी टाउन हॉलच्या ध्वनिमुद्रणापासून सुरुवात करावी, मग व्हॅनगार्ड, मग हेडन-कोलमन. पहिल्यांदा सॅक्सोफोनच ऐकू येईल, तो येऊ द्यावा. दुसऱ्यांदा फक्त बासचा माग काढावा. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र हा उद्योग करू नये; बासचे खालचे स्वर त्यातून बाहेरच पडत नाहीत. साधे हेडफोन पुरतात.